दगडोबा ट्रेनरचं टपाल

एका जंगलात, बालमित्रांनो, वाघाला कुणी फारसं भीत नसे, पण आवडता घोडा हरला की घरोघरी रडारड होई. कारण त्या जंगलाला शर्यतींचा नाद लागला होता.

थंडी सरत आली की तिथली नदी आटे आणि वाळूचं रुंद पात्र उघडं पडे. त्या वाळूत शर्यती होत. राजा सिंह उंच खडकावर लोळून त्या बघे. दुसरे धावतात आणि आपण पडून राहतो, हे त्याला राज्य करण्यासारखंच वाटे. म्हणून त्याला शर्यती फार आवडत.

त्याच जंगलात दगडोबा नावाचं एक खेचर राहत होतं. दगडोबा शर्यतीचे घोडे तयार करी. सगळे त्याला ट्रेनर म्हणत. तो स्वतः आयुष्यात कधी धावला नव्हता. एकदा वणवा लागला तेव्हा सगळं जंगल पळालं, दगडोबा चालत आला. "वणव्यालाही काही फार घाई नव्हती," असं तो नंतर म्हणाला.

खेचर म्हणजे घोडीच्या पोटचं. त्या हिशेबानं तो घोड्यांचा भाचा लागायचा. पण त्याचं वय आणि तोंडावरचा भाव पाहून सगळे त्याला मामा म्हणत.

त्याच्याकडे एकच घोडी होती. तिचं नाव वावटळ. ती अगदी लहान असताना तिची आई गेली. कळपानं तिच्याकडे पाहिलं, तिचे काडीसारखे पाय पाहिले, आणि मग सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. दगडोबा तेवढा तिला घेऊन घरी आला. त्यानं तिला वाढवलं, सशांच्या शाळेत घालून लिहा-वाचायला शिकवलं आणि वाळूत पळायला लावलं. कौतुक मात्र कधी केलं नाही. त्याच्या तोंडी तिच्यासाठी मोजके शब्द होते. पळ. थांब. खा. झोप.

त्या वर्षी पहिल्याच शर्यतीत वावटळीनं राजाच्या लाडक्या घोड्याला मागं टाकलं. जंगल वेडं झालं. सगळ्यांनी दगडोबाला खांद्यावर उचलायचं ठरवलं. ते काही जमलं नाही, म्हणून त्याच्याभोवती फेर धरून नाचले. वावटळ बाजूला धापा टाकत उभी होती. दगडोबा गर्दीतून वाट काढत आला, तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाला, "वळणावर आखडलीस."

दुसऱ्या दिवशीपासून टपाल सुरू झालं.

त्या जंगलात टपाल टिटवी आणायची. पत्रं पळसाच्या पानांवर, बाभळीच्या काट्यानं लिहिलेली असत. दगडोबाला इतकी पत्रं आली, की पळस उघडे पडले. मग लोक सागाच्या पानावर लिहू लागले. सागाचं पान मोठं. त्यामुळे पत्रं लांबली.

दगडोबाला वाचता येत नव्हतं. म्हणून संध्याकाळी तो पेंढ्यावर बसे आणि वावटळ त्याला पत्रं वाचून दाखवी.

एका गव्याच्या आईनं लिहिलं होतं, "माझा थोरला दिवसभर लोळतो. आपण त्याच्यावर नुसती एक नजर टाकाल का? आपल्या नजरेत काहीतरी आहे."

"काय आहे गं माझ्या नजरेत?" दगडोबानं विचारलं.

वावटळीनं निरखून पाहिलं. डाव्या डोळ्यात एक कुसळ होतं.

"आहे खरं काहीतरी," ती म्हणाली.

एका गोगलगाईनं लिहिलं होतं, "अभिनंदन करायला स्वतः निघाले होते. मग विचार केला, पत्रच बरं." माकडांनी तर दगडोबा चाहता मंडळ काढलं होतं. त्यांना त्याच्या खुराचा ठसा हवा होता, ओल्या मातीच्या वडीवर उमटवलेला. दगडोबानं दोन दिवस ठसा उमटवायचा सराव केला. पहिले ठसे त्याला स्वतःला पसंत पडले नाहीत.

पण सगळ्यात आवडलं ते सशाचं पत्र. ससा म्हणत होता, "पळाली घोडी, हे सगळ्यांनी पाहिलं. पण तिला पळवलं कुणी? दगडोबासाहेब, आपण!"

"ते शेवटचं परत वाच," दगडोबा म्हणाला.

"दगडोबासाहेब, आपण."

"त्याच्या आधीपासून."

वावटळीनं आधीपासून वाचलं. तिचे चारही पाय ठणकत होते. ती मनाशी म्हणाली, एवढी पत्रं आली, त्यात एखादं चुकून माझ्या नावानं का नसावं? मग तिला वाटलं, असेल उद्याच्या टपालात. उद्याच्या टपालात नव्हतं. परवाच्याही नव्हतं.

दगडोबाचं वागणं मात्र बदललं. नदीवर पाणी प्यायला गेला की तो आधी थोडा वेळ पाण्यात स्वतःकडे बघत उभा राही. कुणी काही विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी डोळे मिटे. वास्तविक त्याला उत्तर सुचत नसे. पण माकडं म्हणत, बघा, केवढा विचार करतात!

आणि एक दिवस सरावात वावटळीचा पाय खेकड्याच्या बिळात गेला.

पुढचा उजवा पाय होता. संध्याकाळपर्यंत तो घोट्यात सुजला.

"मामा, पाय दुखतोय," ती म्हणाली.

"घोडा म्हटला की पाय आले, पाय म्हटला की दुखणं आलं," दगडोबा म्हणाला. "टपाल काय म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "दोन फेऱ्या जास्त मार. मोकळा होईल." तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं नाही. ती नुसती लंगडत समोरून गेली. दगडोबा तेव्हा माकडांसाठी ठसे वाळवत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

मुलांनो, इथं तुम्हाला वाटेल, दगडोबा दुष्ट होता. मुळीच नाही. तुमच्या घरी मोठी माणसं आहेत ना? तसाच होता.

राजकरंडकाची मोठी शर्यत जवळ येत होती. वावटळ काळजीत पडली. त्या संध्याकाळी ती एका मुंगसाचं पत्र वाचत होती. मुंगूस आपलं नेहमीचंच लिहीत होता, आपण थोर आहात वगैरे. वाचता वाचता वावटळीच्या तोंडून एक वाक्य जास्तीचं निघून गेलं. "आपल्यासारखे थोर ट्रेनर घोड्याला उन्हं अंगावर आल्याशिवाय उठवत नाहीत, असं ऐकून आहे."

तिची तिलाच भीती वाटली. तिनं हळूच मामांकडे पाहिलं.

दगडोबानं डोळे मिटले होते. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वावटळ उठली तेव्हा ऊन तिच्या पाठीवर आलं होतं आणि दगडोबा शेजारी गप्प उभा होता, तिला जाग येऊ नये म्हणून माश्या वारत.

त्यानंतर एका मोराच्या पत्रात भिजवलेले हरभरे आले. एका साळिंदराच्या पत्रात गूळ आला. दगडोबानं दोन्ही आणले. वावटळीनं ते खाल्ले, पण पाय हरभऱ्यानं बरा होत नाही. शेवटी तिनं सागाचं एक कोरं पान घेतलं, दातांत काटा धरला आणि सबंध पत्र स्वतःच लिहिलं. कुणाच्या नावानं लिहायचं? मुंगूस-मोर समोर भेटायचे, पंचाईत व्हायची. म्हणून तिनं डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली एक वयस्क नीलगाय जन्माला घातली आणि तिचं नाव गिरिजाक्का ठेवलं. टिटवी पत्रांचा गठ्ठा टाकून उडून गेली की त्यात हे पान सरकवणं अवघड नव्हतं.

"रा. रा. दगडोबा यांस, गिरिजाक्का नीलगाय हिचा नमस्कार," वावटळ वाचू लागली. "परवा डोंगराच्या माथ्यावरून आपला सराव पाहिला. घोडीच्या उजव्या पायाला सूज दिसली. आपल्यासारख्या जाणत्यानं ती आधीच पाहिली असेल. आपण निर्गुडीचा पाला शेकून बांधत असालच. आणि तिला विश्रांतीही दिली असेलच."

दगडोबा ताडकन उठला. त्यानं वावटळीचा पाय पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"पोरी," तो रागावून म्हणाला, "त्या परक्या बाईला डोंगरावरून दिसलं! तुला दुखत होतं, तर तोंडानं सांगायचं नाही होय?"

वावटळीनं एक मोठा श्वास घेतला आणि सोडला.

"चुकलं, मामा," ती म्हणाली.

दगडोबानं निर्गुडी आणली. पाला गरम केला, पायाला बांधला, फेऱ्या बंद केल्या. रोज सकाळी तो पाला बदलायचा, आणि बदलताना म्हणायचा, "त्या बाईला केवढी पारख आहे!"

सूज उतरू लागली. पण हळूहळू. आणि शर्यत भराभर जवळ येत होती. टिटवी आता दिवसातून दोनदा यायची. सगळ्या पत्रांत एकच मजकूर. करंडक आपलाच. आम्ही सहकुटुंब येतोय. दगडोबा ती पत्रं ऐकायचा, मग पाय बघायचा, मग पुन्हा म्हणायचा, ते शेवटचं परत वाच. त्याचं जेवण कमी झालं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "पोरी, पान घे. गिरिजाक्कांना उत्तर लिहायचंय."

वावटळीनं काटा दातांत धरला. दगडोबा पेंढ्यावर सरसावून बसला. मग सांगू लागला.

"लिही. बाई, तुमचा पाला लागू पडला. पण पाय अजून पळण्याजोगा नाही. ते मला कळतं. न कळण्याइतका मी गाढव नाही. म्हणजे, निम्माच आहे. पण बाई, मला आजवर कुणी पत्र लिहिलं नव्हतं. खेचराला कोण लिहिणार? माझ्यापाठी कुळ नाही, पुढं लेकरं नाहीत. आता सगळं जंगल लिहितंय. शर्यत सोडली तर उद्या टिटवी यायची नाही. ते सोसवेल का, ते कळत नाही. लिहिलंस?"

"लिहिलं," वावटळ म्हणाली. काटा दातांत असल्यामुळे तिचा आवाज वेगळा आला, असं दगडोबाला वाटलं.

"पुढं लिही. पोरगी फार गुणी आहे. असं पळणारं जनावर मी पाहिलं नाही. पहिल्या शर्यतीत ती पुढं निघाली, तेव्हा मला नीट दिसेना, डोळ्यांत पाणी आलं. पण हे तिला कळवू नका. डोक्यात जाईल. काय करू ते तुम्हीच सांगा. कळावे."

"कळावे," वावटळीनं लिहिलं.

"टिटवीकडे दे."

"देते."

ती पान घेऊन झाडामागे गेली. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग कुणाला सापडू नये म्हणून खाऊन टाकलं. सागाचं पान चवीला फार वाईट असतं. तिनं ते सगळं चावून चावून खाल्लं.

आता गिरिजाक्कानं उत्तर द्यायला हवं होतं. खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. शर्यत सोडा, एवढंच लिहायचं. मामा ऐकणार, हे वावटळीला माहीत होतं. पाय वाचणार होता. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता. पण तिच्या डोळ्यांपुढून ती संध्याकाळ हलेना. मामा पेंढ्यावर बसलेले आणि टिटवी येत नाहीय. सगळ्या आयुष्यात त्यांना एकच गोष्ट मिळाली, ती आपल्या एका पायासाठी काढून घ्यायची? पळून तर बघू. फार तर लंगडेन. लंगडे घोडे काय जगत नाहीत?

रात्र पडायच्या आत तिनं लिहून टाकलं. "आपली घोडी एवढी गुणी आहे, तर पळू द्या तिला. एका शर्यतीनं काय होतंय? सहन करील. आपलं नाव राहिलं पाहिजे."

दुसऱ्या संध्याकाळी तिनं ते वाचून दाखवलं. आवाज कापू न देता वाचलं.

दगडोबानं या वेळी डोळे मिटले नाहीत.

"परत वाच," तो म्हणाला.

तिनं परत वाचलं.

"ही बाई मूर्ख आहे," दगडोबा म्हणाला.

"मामा!"

"मूर्ख म्हणजे पाक मूर्ख. सहन करील म्हणे! पाय हिचा आहे का? डोंगरावर बसून सांगायला काय जातंय? घे पान. लिही. बाई, घोड्यातलं काही कळत नसेल तर मधे बोलू नये. पुन्हा पत्र पाठवू नका. कळावे. लिहिलंस?"

वावटळीला अक्षरं दिसत नव्हती. तरी तिनं लिहिलं.

"अगं, रडतेस कशाला? तुला नाही बोललो, तिला बोललो."

"काही नाही मामा, काटा टोचला," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर उभं राहायला जागा नव्हती. दगडोबा एकटाच चालत चालत राजाच्या खडकापाशी गेला. वावटळ पायाला पाला बांधून मागं करंजाच्या सावलीत उभी होती. तिला तिथून सगळं ऐकू येत होतं.

"घोडी कुठाय?" सिंहानं विचारलं.

"पळणार नाही, महाराज. तिचा पाय दुखतोय."

"अरे, पण तुझं केवढं नाव झालंय! त्याचं काय?"

"नावाला पाय नसतात, महाराज. ते दुखत नाही."

सिंहाला हे कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा त्याला नेहमी राग येई. त्यानं शेपटी आपटली. काठावरून माकडांनी एक आरोळी ठोकली आणि पाठोपाठ मातीच्या वड्या येऊ लागल्या. त्यांच्यावर दगडोबाच्याच खुरांचे ठसे होते. दगडोबा पळाला नाही. त्याला पळता येत नव्हतं. तो त्या वड्यांच्या माऱ्यातून नेहमीच्या चालीनं करंजापर्यंत आला आणि वावटळीला म्हणाला, "उभी राहू नकोस. चल घरी."

त्या दिवशी हौसाजी नावाच्या बोकडानं तयार केलेला घोडा पहिला आला.

टिटवी मात्र दुसऱ्या दिवशीही आलीच, चांगला जाड गठ्ठा घेऊन. पत्रं लिहिणारे तेच होते, फक्त मजकूर बदलला होता. गव्याच्या आईनं लिहिलं होतं, "आपल्या नजरेत काहीतरी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं होतं." सशानं लिहिलं होतं, "घोडी पळाली नाही. तिला अडवलं कुणी? आपण!"

"हे नको वाचायला," वावटळ म्हणाली.

"वाच, वाच. सागाची दोन पानं भरून शिव्या दिल्यात. एवढा वेळ आपल्यासाठी कोण काढतं?"

पण शिव्या देणारेही शेवटी कंटाळतात. आठवड्याभरात गठ्ठा बारीक झाला. मग टिटवी येईनाशी झाली. ती आता हौसाजी बोकडाच्या दारात ओरडत असे. हौसाजी दाढी विंचरायला लागला आहे, असं कुणीतरी सांगितलं.

एका संध्याकाळी दगडोबा पेंढ्यावर बसला होता. वावटळ समोर उभी होती. वाचायला काही नव्हतं. इतके दिवस त्यांच्यामध्ये सबंध जंगल बोलत होतं.

"ती गिरिजाक्काही रागावलेली दिसते," दगडोबा म्हणाला. "एवढंसं बोललो, तर गप्पच झाली. तशी मनानं चांगली होती."

खरं सांगावं असं वावटळीच्या अगदी ओठांपर्यंत आलं. पण मामांच्या ओळखीत उरलेली ती एकच बाई होती. तिला मारून टाकणं वावटळीच्यानं होईना.

दगडोबानं पेंढ्याची एक काडी उचलली, चावली, टाकून दिली. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"पाय कसा आहे?" त्यानं विचारलं.

वावटळीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"माझा?" ती म्हणाली.

"मग काय माझा?"

आणि मुलांनो, वावटळ बोलायला लागली. पाय बरा आहे, पण सकाळी थोडा आखडतो. पाला बांधता तेव्हा गाठ फार घट्ट होते. हरभरे जरा जास्त भिजवले तर बरं. गोठ्याच्या मागच्या भिंतीतून वारा येतो, तो थेट कानात जातो. लहान असताना मला आईची आठवण यायची, तेव्हा तुम्ही रात्रभर जागेच उभे असायचा, ते मला माहीत आहे. वळणावर मी आखडले नव्हते, वाळू भुसभुशीत होती. आणि पहिली आल्यावर पाण्याबरोबर एखादा चांगला शब्द ठेवला असता, तर काही बिघडलं नसतं.

अंधार पडेपर्यंत ती बोलत होती. दगडोबा तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

"अगं पोरी," शेवटी तो म्हणाला, "हे एवढं माझ्या ध्यानात कसं राहणार? लिहून देत जा की."

"तुम्हाला वाचता येत नाही, मामा."

दगडोबानं डोळे मिटून विचार केला.

"मग संध्याकाळी वाचून दाखवत जा," तो म्हणाला.

तात्पर्य : घरातल्या मोठ्यांना काही सांगायचं असेल, तर मुलांनो, ते खरं, स्पष्ट आणि स्वतःच्या तोंडानं कधीही सांगू नये. वेळ वाया जातो. लांबच्या गावच्या एखाद्या अनोळखी बाईच्या नावानं त्यांना कौतुकाचं पत्र लिहावं. एवढ्यानंही भागलं नाही, तर त्याच बाईच्या नावानं एक मूर्खासारखा सल्ला द्यावा. तिला चूक ठरवण्यासाठी का होईना, ते तुमच्याकडे वळून बघतील. आणि हे तात्पर्य बाबांना पटलं नाही, तर गिरिजाक्का नीलगाय, डोंगरापलीकडचं खोरं, या पत्त्यावर तक्रार करायला सांगावं.